कोकमाचा अर्क आणि विंचवाचं औषध

दापोली

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

वाडीच्या ग्रुपवर फिरणारा तो कोकमाच्या अर्काचा व्हिडिओ तू पाठवलास, तो पूर्ण पाहिला. पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप, ‘वजन उतरतं, शुगर कायमची बरी होते, संशोधनाने सिद्ध’. कुठलं संशोधन, कोणावर केलं, हे शेवटपर्यंत सांगितलेलं नाही. खाली बाटलीची किंमत आणि फोन नंबर मात्र आहे. डायबेटिस बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे तुझ्या पिढीला कोणी सांगितलेलंच नाही.

कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, एवढं खरं. त्याने वजन उतरतं असा दावा. त्याच कुळातल्या गार्सिनिया कम्बोजिया या फळात ते भरपूर, म्हणून त्याच्या गोळ्या वजनासाठी जगभर खपल्या. १९९८ साली अमेरिकेत १३५ जाड माणसांवर त्यांची परीक्षा झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एकाला अर्क, दुसऱ्याला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. कोणाला काय मिळतंय हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि देणाऱ्यालाही नाही. पथ्य दोघांना एकच. बारा आठवड्यांनी अर्कवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, दुसऱ्यांचं ४.१ किलोने. म्हणजे जे काही उतरलं ते पथ्याने. तो दुसरा गट नसता, तर ‘तीन महिन्यांत तीन किलो’ अशी जाहिरात झाली असती आणि त्यातला आकडाही खरा असता! म्हणून ‘किती जणांना गुण आला’ एवढ्यावर थांबू नकोस. ज्यांनी ते घेतलं नाही त्यांचं काय झालं, ते विचार.

हे काही परदेशातच होतं असं समजू नकोस. लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरून महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी कोकणातली किती माणसं वाचवली. त्या औषधानेच त्यांचं नाव झालं. तरी पुढे त्यांनी नुसतं प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष (विंचवाचं विष उतरवणारं इंजेक्शन), अशी तुलना महाडमध्येच केली आणि २०११ साली ती छापली. दहा तासांत पूर्ण बरे झाले ते जोडीच्या गटात ३५ पैकी ३२, नुसत्या प्राझोसिनच्या गटात ३५ पैकी ८. स्वतःच्या हुकमी औषधापेक्षा सरस निघालेली गोष्ट त्यांनी आकड्यांनिशी जगापुढे ठेवली. असं लिहिणाऱ्यावर मी विश्वास ठेवतो. पबमेड या वैद्यकीय संशोधनाच्या वेबसाइटवर दोन्ही अभ्यासांचा सारांश फुकट वाचता येतो, तुझ्या इंग्रजीला तो जड जाणार नाही.

आणखी एक बघायचं, माहिती चुकीची निघाली तर नुकसान किती. सोलकढी प्यायल्याने कोणाचं काही बिघडत नाही. गार्सिनियाच्या गोळ्यांनंतर मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि लावणीच्या दिवसांत ताप भरला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे लाल झाले, तर मोबाइल बाजूला ठेवून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचं. तो लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप असेल, तर काढे पाजण्यात दोन-तीन दिवस गेले की मूत्रपिंडांवर बेतू शकतं. फुरसं हा विषारी साप चावल्यावर तर तेवढीही सवड नसते.

व्हिडिओ टाकणाऱ्या काकूंना ग्रुपवर उलट उत्तर देऊ नकोस. चारचौघांत खोटं पाडलं की माणूस हट्टाला पेटतो, आणि त्यांनी ते काळजीपोटीच पाठवलंय. संध्याकाळी घरी जाऊन बस. अर्काचा विषय नंतर काढ. शुगरच्या गोळ्या चालू आहेत की बंद केल्या, ते आधी विचार, आणि बंद केल्या असतील तर उद्याच त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा.

तुझा,
काका