बेस हवा, पण कुठला?

प्रश्न : ताई, नमस्कार. मला गाण्यात बेस भरपूर लागतो. तो मनासारखा मिळावा म्हणून आतापर्यंत तीन हेडफोन घेऊन झाले. पहिला कानावर नुसता टेकणारा होता, त्यात सगळंच पातळ. दुसऱ्याच्या पाकिटावर ‘जास्त बेस’ असं लिहिलेलं. दणका आहे, पण गाणाऱ्याचा आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो. तिसरा जाणकारांनी नावाजलेला, बाहेरून जाळीचा. आवाज स्वच्छ, पण थाप पोटात उतरत नाही. मित्र म्हणतो, ‘चांगल्या हेडफोनला बेस कमीच असतो, तुझ्या कानांनाच वाईट सवय लागली आहे.’ मी चष्मा लावतो आणि बहुतेक वेळा रात्री, घरचे झोपल्यावर, हळू आवाजात ऐकतो. मला हवा तो बेस मिळणार कसा?

उत्तर : सगळ्यात कामाच्या दोन गोष्टी तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिल्या आहेत : चष्मा आणि रात्र. त्यांच्याकडे येतेच. आधी मित्राचं म्हणणं निकालात काढू, कारण ते मनात राहिलं तर पुढची खरेदीही तुम्ही त्याच्याच कानांनी कराल.

हर्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांना हेडफोनमध्ये किती बेस आवडतो याचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांना ऐकणाऱ्यांचे तीन गट सापडले. सुमारे ६४ टक्के लोकांना त्यांनी ठरवलेला मध्यम, किंचित उचललेला बेस आवडला. १५ टक्क्यांना त्याहून ३ ते ६ डेसिबल जास्त हवा होता आणि २१ टक्क्यांना २-३ डेसिबल कमी. जास्त बेस मागणाऱ्यांत तरुण पुरुष अधिक, कमी मागणाऱ्यांत स्त्रिया आणि पन्नाशी ओलांडलेले अधिक. मी स्त्री आहे आणि पन्नाशीही ओलांडली आहे, तरी घरी ऐकताना माझा हात बेसच्या खुंटीकडेच जातो. तेव्हा ही आवड आहे, दोष नव्हे. तुमचा मित्र बहुधा त्या २१ टक्क्यांतला असावा, आणि त्याला तसं ऐकण्याचा पूर्ण हक्क आहे.

आता चष्मा. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत मी २२ वर्षं काम केलं. चाळिशी लागली आणि चष्मा आला. त्याच आठवड्यात एका गाण्याचं मिश्रण करताना मला डग्गा फिका वाटू लागला. हेडफोन तोच, रोजचा. मी डग्गा २ डेसिबलने वाढवला, मग ३, मग ४. सकाळी स्पीकरवर लावलं तर डग्ग्याखाली गाणं पार गाडलं गेलेलं. घुमारा इतका की शब्द कळेनात. मी हेडफोन उघडून तारा तपासल्या, दुसरा आणून पाहिला, आणि दुपारी डोळे दुखले म्हणून चष्मा काढला तेव्हा डग्गा एकदम जागेवर आला. चष्म्याच्या काडीने कानामागे पॅड जेमतेम आगपेटीच्या काडीएवढं उचललं जात होतं. रात्रभर मी त्या फटीसाठी डग्गा वाढवत बसले होते.

एवढ्याशा फटीने असं का होतं? सायकलचा पंप आठवा. वॉशर सैल असला आणि दांडा हळू दाबला तर सगळी हवा बाजूने निसटते. झटक्यात दाबला तर निसटायला वेळच मिळत नाही, थोडी तरी आत जाते. हेडफोनचा पडदा कानासमोर कोंडलेल्या हवेवर तसाच दाब देत असतो. बेसची हालचाल संथ, सेकंदाला ४०-५० वेळा. फट असली की तो दाब बाहेर पडून जातो. गाणाऱ्याचा आवाज, झांज, तारा यांची कंपनं सेकंदाला शेकड्यांनी आणि हजारांनी, त्यांना फटीने फारसा फरक पडत नाही. म्हणून सील, म्हणजे पॅड आणि कान यांच्यामधली हवाबंद बसणी, सुटलं की आवाज लहान होत नाही, पातळ होतो. तुमचा कानावर टेकणारा पहिला हेडफोन पातळ लागत होता, त्यात बराच वाटा या गळतीचा असणार.

हे आज रात्रीच तपासून पाहा. दुसरा, बेसवाला हेडफोन लावा, ओळखीचं गाणं सुरू करा आणि दोन्ही तळव्यांनी वाट्या हलकेच कानाकडे दाबा. बेस वाढला तर तुमचं सील सुटलेलं आहे. मग चष्मा काढून ऐका. फरक मोठा असेल तर पुढचा हेडफोन निवडताना चष्म्याची काडी बारीक, हेडफोनची पॅड जाड आणि मऊ, एवढं आधी बघायचं. कल्ल्यांच्या दाट केसांनीही असंच होतं.

आता रात्र. हळू आवाजात बेस कमी वाटतो, ती कानाची घडण आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी हे मोजून दाखवलं आणि पुढे त्याचं आंतरराष्ट्रीय मानकही झालं. त्या मानकाचे आकडे बघा : १००० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला हजार कंपनांचा, स्वर ४० डेसिबलवर वाजत असेल, तर ५० हर्ट्झचा खर्ज तेवढाच मोठा वाटायला सुमारे ७८ डेसिबल लागतात. तोच १००० हर्ट्झचा स्वर ८० डेसिबलवर नेला, तर खर्जाला १०२ पुरतात. म्हणजे हळू ऐकताना ३८ डेसिबलची तूट, मोठ्याने ऐकताना २२ ची. गाणं मिसळणारा माणूस बऱ्यापैकी आवाजात मिसळतो. तुम्ही ते मध्यरात्री कुजबुजत्या आवाजात लावलं की त्याने घातलेला बेस तुमच्या कानापर्यंत पोचायच्या आधीच विरतो. त्यात स्पीकरचा बेस छातीला, पायाखालच्या जमिनीला जाणवतो, तो भाग हेडफोनमध्ये नसतोच. रात्रीसाठी बेस वेगळा वाढवून घेणं हा मला तरी उणीव भरून काढण्याचा सरळ मार्ग वाटतो.

आणि आता खरा प्रश्न : कुठला बेस? आपण एकच शब्द वापरतो, पण माझ्या कामात आम्ही त्याचे तीन मजले धरायचो. २० ते ६० हर्ट्झ हा तळमजला. इथला आवाज ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. पियानोची सगळ्यात खालची पट्टी २७.५ हर्ट्झची, चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ ची. ६० ते सव्वाशेच्या दरम्यान थाप राहते, ढोलाची, ड्रमची, पोटात बसणारी. सव्वाशे ते तीनशे हा घुमाऱ्याचा मजला. थोडा असला तर ऊब, जास्त झाला तर चिखल, कारण पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर याच भागात वावरतो.

तुमचा दुसरा हेडफोन गोधडीसारखा लागतो त्याचं कारण इथे आहे. त्यात बेस जास्त आहे म्हणून नव्हे, तो वरच्या मजल्यावर साचला आहे म्हणून. शिवाय खालचे मोठे स्वर वरच्या बारीक स्वरांना झाकतात, उलट झाकणी मात्र फार कमी होते. बऱ्याच फोनमध्ये पाच पट्ट्यांचा इक्वलायझर, म्हणजे स्वरांचे भाग वेगवेगळे कमीजास्त करायची सोय, असते आणि त्यावर ६० आणि २३० असे आकडे दिसतात. २३० ची पट्टी ३ डेसिबल खाली घ्या, ६० ची ३ वर न्या. गाणारा गोधडीतून बाहेर येईल आणि थाप तशीच राहील. पट्टी वर नेताना एकूण आवाज तेवढाच खाली आणायला विसरू नका, नाहीतर ठोक्याच्या माथ्यावर आवाज फाटतो आणि आपण उगाच हेडफोनला दोष देतो. माझा अंदाज असा की चष्म्याची फट आणि हा एक बदल सांभाळलात, तर तुमच्याकडचा दुसरा हेडफोनच निम्मं काम करेल.

जाळीच्या तिसऱ्याकडून मात्र जास्त आशा धरू नका. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये हवा मागून मोकळी असते. त्यामुळे आवाज कानाभोवती पसरल्यासारखा छान वाटतो, पण नेहमीच्या कॉइलवाल्या पडद्यांचा तळमजला बहुधा उतरता असतो. सेनहायझरचा एचडी ६०० हे त्याचं नावाजलेलं उदाहरण : गाणाऱ्याच्या आवाजासाठी मला तो फार प्रिय आहे, पोटातल्या थापेसाठी मी तो कधीच उचलणार नाही. इक्वलायझरने थोडं भरून येतं, फार ढकललं की पडदा कण्हायला लागतो. प्लेनर जातीचे, म्हणजे चुंबकांमध्ये हलणाऱ्या पातळ सपाट पडद्याचे, उघडे हेडफोन खाली बरेच सरळ जातात, पण त्यांचा बेस सपाट असतो, उचललेला नसतो. तुम्ही १५ टक्क्यांतले असाल तर तिथेही इक्वलायझर लागेलच.

नवीन घ्यायचाच असेल, तर तुमच्यासाठी माझी पहिली पसंती हेडफोन नव्हे, कानात जाणारा इअरफोन. चष्म्याची काडी तिथे आडवी येतच नाही. टिप, म्हणजे त्याच्या टोकाची मऊ टोपी, कानात नीट बसली की खालचा बेस सहज मिळतो. फक्त पाकिटात आलेल्या मधल्या मापाच्या टिपवर थांबू नका. तिन्ही मापं लावून पाहा, दोन्ही कानांना वेगळी मापंही लागू शकतात, मला लागतात. रबरी टिप घसरत असेल तर फोमची घ्या, ती दाबून आत घातली की फुगून जागा भरते.

कानात काही घालणं सोसत नसेल, तर बंद पाठीचा, पूर्ण कान झाकणारा घ्या. बायरडायनामिकचा डीटी ७७० प्रो मी बरीच वर्षं वापरला, त्याची मखमली जाड पॅड काडीला बऱ्यापैकी सामावून घेतात आणि खालचा बेस उचललेला आहे. तो ३२, ८० आणि २५० ओहममध्ये आला; ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप. फोनवर ऐकणार असाल तर २५० च्या वाटेला जाऊ नका, फोनला तो पेलत नाही. याच कंपनीच्या कस्टम वन प्रो या हेडफोनला वाटीवर सरकपट्टी होती, ती सरकवून बेस चार पायऱ्यांत कमीजास्त करता यायचा. ती कल्पना मला इतकी पटली होती की ती सगळ्यांनी का उचलली नाही याचं अजून वाईट वाटतं. गोंगाट मारणाऱ्या (नॉइज कॅन्सलिंग) बिनतारी हेडफोनांपैकी काही आतल्या माइकने कानाजवळचा आवाज ऐकून फटीने गेलेला बेस भरून काढतात. चष्मेवाल्यांनी हे जरूर लावून पाहावेत.

निवडताना स्वतःची तीनच गाणी न्या : एकात खोल खर्ज, एकात नेमकी थाप, एकात पुरुषाचा एकटा आवाज. पहिल्यात खोली जाणवते का, दुसऱ्यात ठोका संपला की बेसही संपतो का, तिसऱ्यात आवाज जाड होतो का, एवढंच ऐका. चष्मा घालूनच ऐका, आणि रात्री ऐकता तेवढ्याच आवाजात. दोन हेडफोनांचा आवाज कानाने सारखा करून घ्या, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमीच जास्त चांगला वाटतो. प्रत्येकाला दहा मिनिटं द्या. जास्त बेसवरून थेट कमी बेसवर आलं की पहिली दोन मिनिटं कान खोटं सांगतो.

प्रश्न : एका हेडफोनवर ‘५ ते ४०,००० हर्ट्झ’ आणि ‘५० मिमी ड्रायव्हर’ असं लिहिलं आहे, दुसऱ्यावर ‘२० ते २०,०००’ आणि ‘४० मिमी’. पहिल्यात बेस जास्त ना?

उत्तर : या आकड्यांवरून सांगता येत नाही. ५ हर्ट्झला तो किती मोठा वाजतो हे लिहिलेलं नसतं, आणि माणसाचा कान साधारण २० च्या खाली स्वर ऐकतच नाही. ड्रायव्हर म्हणजे आवाज काढणारा पडदा, त्याच्या व्यासावरूनही बेस ठरत नाही. कानात जाणाऱ्या इअरफोनचा पडदा १० मिमीच्या आसपास असतो आणि सील बसलं तर तो मोठ्या हेडफोनला खालच्या बेसमध्ये सहज मागे टाकतो.

प्रश्न : माझ्या मुलाला बेस वाढवून ऐकायची सवय आहे. कान बिघडतील का?

उत्तर : बेसपेक्षा एकूण आवाज आणि तास बघा. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं माप ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास असं आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो : ८३ ला २०, ८६ ला १०. लहान मुलांसाठी हेच माप ७५ डेसिबलपासून सुरू होतं. मला काळजी वेगळीच वाटते. बस-गाडीची घरघर खालच्या स्वरांतच असते, ती बेस गिळते, मग मूल बेससाठी सगळाच आवाज चढवतं आणि मधले-वरचे स्वर कानावर आदळतात. त्याला कान नीट बंद करणारा किंवा गोंगाट मारणारा हेडफोन द्या. घरघर कमी झाली की बेस कमी आवाजातच मिळतो. ओरडण्याआधी एकदा त्याच्यासोबत बसून त्याच्या आवाजात त्याचं गाणं ऐका.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी घेतलेल्या हेडफोनचा बेस हळूहळू गेला. ड्रायव्हर संपला का?

उत्तर : आधी पॅड दाबून बघा. आतला फोम बसला असेल, वरचं रेक्झिन सोलवटलं असेल, तर सील सुटलं आहे. त्याच मॉडेलसाठीचीच पॅड घ्या. वेगळ्या जाडीची किंवा छिद्रं असलेली लावली तर बेस परत येण्याऐवजी आवाजच बदलतो. जुनी पॅड काढल्यावर आतली पातळ जाळी केसांनी, धुळीने बुजलेली असते. मऊ ब्रशने ती झाडा, फुंकर मारू नका, ओल आत जाते. नवी पॅड पहिले काही दिवस ताठ असतात. ती कानाच्या आकाराला बसेपर्यंत निकाल देऊ नका.