खगोलवाले ऑक्सिजनला धातू का म्हणतात?

विचारलंय असं की एका लेखात 'ताऱ्यातले धातू, उदा. कार्बन आणि ऑक्सिजन' असं छापलंय, तर ही भाषांतर करणाऱ्याची डुलकी का? नाही हो, बरोबर आहे ते. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम बाजूला काढले की उरलेलं झाडून सगळं धातू, मग तो निऑन असो नाहीतर गंधक. केमिस्ट्रीच्या सरांनी कान पिळला असता, पण ही मंडळी वर्षानुवर्षं बिनधास्त असंच बोलतात.

ताऱ्याचा वर्णपट काढला, म्हणजे त्याचा प्रकाश रंगारंगांत फोडला, की काळ्या रेषांची गर्दी दिसते, त्यात लोखंड, कॅल्शियम, मॅग्नेशियम असल्यांचाच भरणा, एकट्या लोखंडाच्याच हजारो रेषा. त्यामुळे आधी लोकांना वाटायचं सूर्यपण साधारण पृथ्वीसारख्याच मालाचा बनलाय. १९२५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेनने आपल्या मेघनाद साहांचं समीकरण (किती तापमानाला अणूंतले किती इलेक्ट्रॉन सुटतात ते सांगणारं) वापरून दाखवलं की रेष ठळक म्हणजे माल जास्त असं नसतं, तारे मुख्यतः हायड्रोजनचेच आहेत. त्या काळातल्या बड्या खगोलशास्त्रज्ञाला, हेन्री नॉरिस रसेलला, ते पटेना, म्हणून बिचारीला प्रबंधात 'हे बहुधा खरं नसावं' अशा अर्थाचं लिहावं लागलं आणि १९२९ मध्ये साहेब स्वतःच त्याच उत्तराला येऊन पोचले! असो. सूर्यात वजनाने हायड्रोजन ७४ टक्क्यांच्या आसपास, हेलियम २५ च्या, बाकी सगळे मिळून जेमतेम दीड टक्का, आणि गंमत म्हणजे त्यातही सगळ्यात मोठा वाटा ऑक्सिजनचा.

पण सगळ्यांना एकच नाव देणं हा नुसता आळशीपणा नाहीये. महास्फोटातून हायड्रोजन, हेलियम आणि किंचित लिथियम एवढंच निघालं, कार्बनपासून पुढचा बहुतेक माल ताऱ्यांनी शिजवलाय (१९५७ चा तो गाजलेला पेपर, बर्बिज नवरा-बायको, फाउलर आणि हॉइल, हॉइल म्हणजे आपल्या नारळीकरांचे गाइड). तारा म्हातारा झाला की फुगतो, बाहेरचे थर सोडून देतो, फारच मोठा असेल तर फुटतो, तो माल आजूबाजूच्या वायूत मिसळतो आणि त्यातून पुढची पिढी जन्मते. म्हणजे धातू कमी तर तारा सहसा जुन्या पिढीतला.

हेच पुढे दीर्घिकांच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, अभ्यासातही कामाला येतं. महायुद्धात लॉस एंजेलिसमध्ये ब्लॅकआउट होता तेव्हा खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने शेजारच्या माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तांबूस तारे सुटे सुटे टिपले आणि १९४४ मध्ये ताऱ्यांचे दोन गट मांडले, सर्पिल भुजांमधले पहिले, गाभ्यातले नि गोलाकार तारकागुच्छातले दुसरे. या दोन गटांतला धातूंचा फरक पुढे लक्षात आला.

नुसतं किती हेच नाही, कुठले धातू तेही बघतात. अवजड तारे काही दशलक्ष वर्षांतच फुटून ऑक्सिजन, मॅग्नेशियम उधळतात, तर लोखंडाचा मोठा हिस्सा श्वेतबटूंच्या (सूर्यासारख्या ताऱ्यांचे मागे उरलेले घट्ट गाभे) स्फोटातून येतो आणि त्यातल्या बऱ्याच स्फोटांना अब्जभर वर्षं लागू शकतात. आता आपली स्वाती घ्या, उन्हाळ्यात रात्री डोक्यावर येते ती नारिंगी. ३७ प्रकाशवर्षांवर, म्हणजे शेजारीच, पण हिच्यात लोखंड सूर्याच्या साधारण एक तृतीयांश आणि त्या मानाने मॅग्नेशियम चांगलंच जास्त. म्हणजे श्वेतबटूंचं लोखंड वायूत नीट मिसळायच्या आधीच बाईंचा जन्म झालेला! आपल्या आकाशगंगेच्या तबकडीचा जो जुना, जाड भाग आहे तिथली ती मानतात.

आता शब्दाचं. मला तरी 'धातू' इथे अजिबात खटकत नाही, कारण आपल्याकडे तो कधीच फक्त लोखंड-तांब्यापुरता नव्हता. व्याकरणात कर, जा, बस हे धातू, आयुर्वेदात रस, रक्त, मांस, मेद हे धातू, मुळात 'धा' म्हणजे धारण करणं. 'जड मूलद्रव्ये' लिहिणारेही आहेत, पण मग वाचक युरेनियमकडे वळतो. लेखात पहिल्यांदा येईल तिथे एक ओळ खुलासा टाकायचा नि पुढे खुशाल धातू लिहायचं. मेटॅलिसिटीला, म्हणजे ताऱ्यात धातू किती या मापाला, मी 'धातुप्रमाण' लिहितो, आणि तिथे तु ऱ्हस्व बरं का, एकटा असला की धातू, समासात धातुप्रमाण, धातुसमृद्ध.