आर्टला जायचंय, पण कधी आणि कुठून?

दहावी-बारावीचे निकाल लागले की चित्रकलेच्या वाटेबद्दल विचारणारी पत्रं वाढतात. त्यातल्या काहींना ही उत्तरं.

प्रश्न : यंदा दहावी झाली. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ए ग्रेड आहे. शाळेतले चित्रकलेचे सर म्हणतात, लगेच फाउंडेशनला जा. घरचे म्हणतात, आधी बारावी कर. कुणाचं ऐकू? (विद्यार्थी, विटा)

या खेपेला घरच्यांचं ऐक. दहावीनंतर कला संचालनालयाचा एक वर्षाचा फाउंडेशन आणि पुढे जी.डी. आर्टची पदविका, ही वाट जुनी आहे आणि तिने चांगले चित्रकार घडवलेत. सर बहुधा त्याच वाटेने गेले असतील. पण ललितकलेतली बी.एफ.ए. पदवी, अहमदाबादचं एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), यूसीड ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत मिळणारी डिझाइनची बी.डेस. पदवी, हे सगळे दरवाजे बारावीवर उघडतात. आज तुला पेंटिंग करायचंय. दोन वर्षांनी अ‍ॅनिमेशन किंवा प्रॉडक्ट डिझाइन खुणावू लागलं, तर बारावी नाही म्हणून अडायला नको.

यूसीड आणि एनआयडीच्या परीक्षांना शाखेची अट नाही, त्यामुळे आर्ट्स-कॉमर्सही चालतं. केवळ ‘स्कोप’ म्हणून सायन्स घेऊन दोन वर्षं क्लासच्या बाकावर काढू नकोस. त्या वेळात रोज अर्धा तास तरी पेन्सिल हातात राहू दे.

प्रश्न : मी फोटो बघून हुबेहूब पोर्ट्रेट काढते, ऑर्डरीही मिळतात. आता बी.एफ.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. इथे आठवडेच्या आठवडे ठोकळे, तांब्या-लोटे काढायचे आणि राखाडी पट्ट्या रंगवायच्या! वेळ वाया जातोय असं वाटतं. (विद्यार्थिनी, नाशिक)

राग समजू शकतो. पण एक करून बघ. घरातला तांब्या टेबलावर ठेव, नजर त्याच्या तोंडापेक्षा जराशी वर येईल अशी बस आणि फोटो न काढता तो कागदावर उतरव. तोंडाचं लंबवर्तुळ बहुतेक जण दोन्ही कडांना टोकदार काढतात, बदामासारखं. खरं तर ते कुठेही टोकदार नसतं, कडेला झपकन वळतं इतकंच. दुसरी चूक बुडाशी होते. टेबल सपाट म्हणून तांब्याचं बूडही सरळ रेषेत ओढलं जातं. बूड नजरेपासून आणखी खाली असतं, म्हणून त्याची गोलाई तोंडाच्या गोलाईपेक्षा जास्त उघडी दिसते. हे डोळ्यांना दिसत असतं, पण ‘टेबल सपाट आहे’ ही माहिती हाताला फितवते. फोटोत हा गुंता कॅमेऱ्याने आधीच सोडवून दिलेला असतो. ऑर्डरीच्या पोर्ट्रेटमध्ये तू त्याचं उत्तर उतरवतेस. गणित मात्र सोडवलेलं नसतं.

राखाडी पट्ट्यांचंही तसंच. पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सारख्या अंतराच्या छटा पोस्टर कलरने लावायला घे. ओला असताना बरोबर वाटलेला गडद रंग वाळला की फिका पडतो, फिका थोडा गडद होतो, आणि मधल्या दोन पट्ट्या हमखास एकसारख्या दिसू लागतात. मग पुन्हा कालव, कागदाच्या कपट्यावर लाव, वाळू दे, शेजारी धरून बघ. या कंटाळवाण्या कामातून पुढे पोस्टरवरचं अक्षर पार्श्वभूमीतून उठून दिसेल की नाही, हे लांबूनच कळू लागतं.

असं पहिलं वर्ष कुणा मास्तरांच्या लहरीतून आलेलं नाही. जर्मनीत वायमारला १९१९ साली बाउहाउस ही शाळा निघाली. तिथे योहानेस इटेन याने नव्या विद्यार्थ्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रम आखला. पुढे विणकाम कर नाहीतर सुतारकाम, आधी सगळ्यांनी आकार, रंग, पोत आणि साहित्य हाताळायचं. जगभरच्या आर्ट-डिझाइनच्या पहिल्या वर्षांवर त्याची छाप आहे. ऑर्डरी बंद करू नकोस, फीला उपयोगी पडतील. फक्त वर्गातलं काम फोटोवरून करून आणू नकोस. शिक्षकांना ते लांबून ओळखू येतं.

प्रश्न : मुलीला बारावी सायन्सला चांगले गुण आहेत आणि तिला बी.एफ.ए. करायचंय. चित्रं काढून पोट भरेल का, ही आमची काळजी आहे. (पालक, लातूर)

ताई, काळजी रास्त आहे. शुद्ध चित्रकलेत केवळ चित्रं विकून घर चालवणारे थोडे, बहुतेक जण जोडीला शिकवतात किंवा दुसरं काम करतात. उपयोजित कलेचं तसं नाही. पाकिटं, पुस्तकं, जाहिराती, अ‍ॅपचे स्क्रीन, गेम्स यांना काम करणारे हात लागतात. तिथेही सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, आणि मुलाखतीत मार्कलिस्टच्या आधी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या कामांचा संग्रह, उघडला जातो.

फीची चौकशी मात्र अर्ज भरण्याआधी करा. सरकारी आणि खासगी कॉलेजांच्या आकड्यांत मोठी तफावत असते. छत्रपती संभाजीनगर आणि नागपूरला सरकारी महाविद्यालयं आहेत. मुंबईचं १८५७ पासूनचं जे.जे. कला महाविद्यालय आता अभिमत विद्यापीठ झालं आहे, त्यामुळे तिथल्या प्रवेशाच्या सूचना स्वतंत्रपणे वाचा. जमलं तर एकदा तिला घेऊन जे.जे.चं वार्षिक प्रदर्शन बघून या. भिंतीवरची कामं बघताना ती कुठे रेंगाळते, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : बी.एफ.ए.च्या प्रवेश परीक्षेतल्या (सीईटी) वस्तुचित्राची आणि संकल्पचित्राची भीती नाही. स्मरणचित्रात मात्र माणसं बाहुल्यांसारखी होतात. (विद्यार्थी, रत्नागिरी)

कारण तू स्मरणातून काढत नाहीस, गाइडमधून काढतोस. ‘बाजार’ म्हटलं की तीच टोपलीवाली, तोच छत्रीवाला. स्केचबुक घेऊन एसटी स्टँडवर बस. बॅग उचलणारा माणूस एका खांद्यावर झुकतो, गाडीची वाट बघणारा एका पायावर भार टाकतो. नाक-डोळे सोड, दहा-पंधरा सेकंदांत फक्त भार कुठे आहे ते पकड. घरी आल्यावर वही न उघडता त्यातली दोन माणसं पुन्हा काढ. स्मरणाचा सराव तो हाच.

गर्दी फसते ती मुख्यतः यथार्थदर्शनात, म्हणजे जवळ-लांबचं दाखवण्यात (पर्स्पेक्टिव्ह). सपाट जमिनीवर तू उभा राहून बघत असशील, तर तुझ्याच उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे क्षितिजरेषेवर येतात, जवळचा असो वा लांबचा. लांब जाताना पाय वर सरकतात, डोकी तिथेच राहतात. मुलं लांबचा माणूस लहान करतात आणि त्याचं डोकंही खाली आणतात, मग तो खड्ड्यात उभा असल्यासारखा दिसतो. आधी क्षितिजरेषा मार, मग माणसं उभी कर. आणि सराव घड्याळ लावूनच.

प्रश्न : सामानाला किती खर्च येतो? टॅब आधी घेऊ का? (विद्यार्थी, पणजी)

टॅब पहिल्या वर्षी नको. टू-बी, फोर-बी, सिक्स-बी पेन्सिली, पोस्टर कलर, दोन-तीन गोल आणि एक चपटा ब्रश, ड्रॉइंग बोर्ड आणि कार्ट्रिज कागद एवढ्यावर सुरुवात होते. ब्रश बरे घे, बाकी साधं चालेल. बोर्ड सीनियरकडून जुना मिळतो, आणि कॉलेजची यादी हातात येईपर्यंत दुकानदाराचा ‘फुल सेट’ घेऊ नकोस.