घड्याळ कोणत्या वेळेवर होतं?

प्रश्न : घरच्या जुन्या वहीत आजीच्या जन्माची नोंद आहे : ‘मुंबई, १९३८, सकाळी ८ वाजून १० मिनिटे.’ तेव्हा मुंबईत दोन वेळा चालत, असं वाचलं. पणजोबा रेल्वेत होते, म्हणून मी ही प्रमाणवेळच धरली. पुढे ‘अंदाज’ लिहिलं तर नोंदीची किंमत जाते, असं भाऊ म्हणतो. लिहू की नको?

उत्तर : जरूर लिहा. आणि अंदाज कशावरून केला, तेही लिहा.

१ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे ठरली. रेल्वेने ती पाळली. मुंबई शहराने मात्र ४ तास ५१ मिनिटांची आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. वहीतले ८:१० शहराच्या वेळेचे असतील, तर प्रमाणवेळेने ८:४९ होतात. पणजोबांची नोकरी हा चांगला धागा आहे. पण बाळंतपण घरी झालं असेल, तर घरातलं घड्याळ कोणत्या वेळेवर लावलेलं होतं, हे नोकरीवरून ठरत नाही.

संगणकावर विसंबू नका. त्यातल्या जगभरच्या घड्याळवेळांच्या यादीतली (टाइम झोन डेटाबेस) ‘एशिया/कोलकाता’ ही नोंद १९३८ च्या मुंबईलाही साडेपाच तासच लावते, कारण १९७० नंतर ज्यांची घड्याळं जुळतात त्या गावांना तिथे वेगळी नोंद नसते. त्या यादीच्या मूळ फायलींतली एक सवय मात्र उचलण्यासारखी आहे : आकडा कुठून घेतला, कुठे नुसता तर्क आहे, हे # ने सुरू होणाऱ्या ओळींत आकड्याशेजारीच लिहिलेलं असतं.

हे मी ठेच लागून शिकलो. माझ्या आत्याचा जन्म १९४३ चा, नागपूरचा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे घड्याळं एक तास पुढे होती. मी तो तास वजा केला, जुना आकडा खोडला आणि कारण लिहिलं नाही. काही वर्षांनी चुलतभावाने तीच माहिती वाचून आणखी एक तास वजा केला. मूळ वही तोवर हरवली होती. खोडाखोडीतून पहिला आकडा कसाबसा वाचता आला, म्हणून निभावलं.

तेव्हा मूळ आकड्याला हात लावू नका. खाली लिहा : ‘वहीत ८:१०. प्रमाणवेळ मानली, कारण वडील रेल्वेत. घरच्या घड्याळाचा पुरावा नाही. मुंबई वेळ असल्यास ८:४९.’ त्याखाली तुमचं नाव आणि आजची तारीख.