नेपाळ टूर, आश्रम आणि नातीचा केक

प्रश्न: ताई, नमस्कार. आम्ही नागपूरचे १४ जण दिवाळीत नेपाळला जाऊन राहिलो. टूरवाल्याने पोखऱ्याला एका अनाथाश्रमाची दोन तासांची व्हिजिट ठेवली आहे, मुलं डान्स करून दाखवतात म्हणे. त्याच दिवशी माझ्या नातीला आठ वर्षं पूर्ण होतात, म्हणून केक तिथेच कापायचा आणि वह्या, स्वेटर, संत्रा बर्फी वाटायची असं ठरवलं. सून म्हणते असं करू नका, तिनं नेटवर काहीबाही वाचलं. आता चांगल्या कामातही खोट काढायची का?
— एक आजी, प्रतापनगर

उत्तर: काकू, सासूला उत्तर देताना सुनेची बाजू घेणं म्हणजे आ बैल मुझे मार, पण सून बरोबर बोलून राहिली.

तुमच्या मनात खोट नाहीच, गडबड त्या दोन तासांत आहे. नेपाळमधे अनाथ म्हणून दाखवतात त्यातल्या पुष्कळ पोरांचे आईबाप जिवंत असतात. १९९६ ते २००६ माओवादी युद्ध चाललं होतं न, तेव्हा हुमलासारख्या दूरच्या डोंगरी जिल्ह्यांतून दलाल पोरं घेऊन यायचे, घरी सांगायचे काठमांडूत चांगल्या शाळेत घालतो, त्याचे आईबापाकडून पैसेही घ्यायचे, अन् इकडे आणून कागदावर आईबाप मेलेले दाखवून मोकळे. युद्ध संपलं पण हा धंदा काही संपला नाही, कारण टुरिस्ट येत राहिले आणि टुरिस्टला अनाथ पोर पाहिलं की खिशात हात घालावासा वाटतो. तिथली बहुतेक बालगृहं कुठे आहेत माहीत आहे का, काठमांडूचं खोरं, पोखरा, चितवन. म्हणजे गरिबी हुमल्यात आणि आश्रम हॉटेलांच्या शेजारी! २०१५ च्या भूकंपानंतर तर आईबापाशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायलाच सरकारला बंदी घालावी लागली. कंबोडियातही हीच कथा, तिथे युनिसेफच्या पाहणीत आश्रमातल्या चारातल्या जवळपास तीन मुलांचे आई किंवा बाप हयात निघाले.

म्हणजे सगळेच चोर आहेत असं नाही. मनापासून काम करणारी माणसं तिथेही आहेत. पण ओळखायचं कसं, तर जी संस्था फोनवर "या न, कधीही या, मुलं गाणं म्हणतील" म्हणते तिथे जाऊ नका आणि जी म्हणते "मुलांना भेटता येणार नाही, ऑफिसात या, चहा घ्या, काम समजून घ्या" तिच्यावर थोडा भरवसा ठेवा. रुसायचं नाही त्यावर. आपल्या नातीच्या शाळेत तरी कोणी १४ अनोळखी माणसं मोबाईल घेऊन वर्गात शिरली तर चालेल का आपल्याला?

माझंच सांगते. लहानपणी आजोबांच्या पुण्यतिथीला आम्ही इथल्याच एका आश्रमात जेवण द्यायला जायचो. एकदा माझ्याच वयाची एक मुलगी शेजारी बसली होती, मी तिला गुलाबजाम वाढला तर हळूच म्हणाली, "सकाळपासून तिसऱ्यांदा आहे वो, पण खाल्ला नाही तर मॅडम रागावतात." मला अजूनही गुलाबजाम पाहिला की ती आठवते.

ऑफिसात गेलात तर एक प्रश्न नक्की विचारा, दसईं (तिकडचा दसरा) आणि तिहारला किती मुलं गावी जातात? तुम्ही जाता तेव्हा तिथे तिहारच असते, आपली दिवाळी म्हणा न, अख्खा नेपाळ गावाकडे निघतो, भाईटीकेला बहिणी भावाला टीका लावतात. चांगली संस्था मुलांचे नातेवाईक शोधते, जमेल त्यांना सणाला घरी पाठवते, पुढे कायमचं घरी ठेवता येते का ते पाहते. ज्यांना खरंच कोणी नाही ती मुलं राहतीलच, पण भाईटीकेच्या आठवड्यात अख्खं बालगृह टुरिस्टसमोर नाचत असेल तर काय ते समजून जा.

पैसे द्यायचेच असतील तर मुलं घरीच राहून शिकावीत म्हणून फी, पुस्तकं, आईला रोजगार असं काम करणाऱ्या संस्थेला द्या, पावती घेऊन, मुलांच्या हातात नाही. (परदेशी संस्थेच्या पावतीवर आपल्याकडे इन्कम टॅक्समधे ८०जी ची सूट मिळत नाही, काकांना आधीच सांगून ठेवा.) स्वेटर, वह्या तिथेच पोखऱ्याच्या बाजारात घ्या, इथून ओझं नेऊ नका. आणि फोटो नको, आपल्याकडेही बालगृहातल्या मुलांची ओळख जाहीर करणं बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार गुन्हा आहे, हे व्हॉट्सॲप स्टेटसवाल्यांना कोणी सांगत नाही.

टूरवाल्याला आत्ताच फोन करा, ते दोन तास फेवा तलावावर बोटिंगला द्या म्हणा. नात खूश होईल. केक हॉटेलात कापा, बर्फी ग्रुपमधेच वाटा, उरली तर ड्रायव्हरला द्या. आणि नातीचं स्वेटर मात्र इथूनच न्या, दिवाळीत तिकडे संध्याकाळी चांगलीच थंडी पडते.