भरिताचा जाळ, पऱ्हाटी आणि गव्हाचं काड

खानदेशातल्या चोपडा, यावल, शिरपूर भागातून तीन प्रश्न आले आहेत: मळ्यात भरीत पार्टीसाठी जाळ केला तर चालतो का, पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या कपाशीच्या काड्या) जाळल्याने कपाशीवरची बोंडअळी मरते का, आणि गव्हाचं काड पेटवावं का.

वांगी भाजण्यापुरता जाळ आपल्या मळ्यात जरूर करा. फक्त जाळ करण्यावर मनाई आदेश लागू नाही ना, हे तलाठ्याकडे विचारून घ्या. मात्र ठिणगी उडून शेजाऱ्याच्या जिवाला धोका झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. सातपुड्याच्या कडेला राखीव जंगल आहे, यावल अभयारण्य आहे. तिथे आग लावणं किंवा धुमसती ठेवून निघणं हा गुन्हाच आहे. जंगलाला लागून शेत असेल तर भरीत घराच्या अंगणात भाजा.

पऱ्हाटीचा जाळ भरिताला झकास, पण काड्यांवर राहिलेली कवडी (बोंडात चिकटून राहिलेला खराब कापूस) आधी तोडून घ्या. कापसाचा पेटता पुंजका वाऱ्याबरोबर उडतो आणि केळीच्या लोंबत्या वाळक्या पानांत जाऊन बसतो. लगेच भडकत नाही, आत धुमसतो. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. अर्धा फूट खड्डा करा, भोवती दहा फूट जमीन खरवडून घ्या. केळीबाग आणि कडब्याची गंजी किमान पन्नास फूट लांब हवी, डोक्यावर विजेची तार नको. ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवा. जाळ लागला नाही तरी नुसत्या धगीने नळी मऊ पडते, ड्रिपर बुजतो, आणि ते कळतं ओळीतली झाडं सुकल्यावर. पाण्याने भरलेल्या दोन बादल्या जवळ हव्यातच.

विझवताना निखाऱ्यांवर नुसती माती लोटू नका. मातीखाली ते रात्रभर जिवंत राहतात. पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता. राखेवर हाताचा मागचा भाग धरून धग लागत नाही, तेव्हाच निघा. मल्चिंग पेपर, जुन्या नळ्या, औषधांच्या बाटल्या जाळात कधीच टाकू नका, धूर विषारी असतो. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्येच बंदी घातली असून साध्या प्रकरणात पाच हजार, मोठ्या प्रमाणात जाळल्यास पंचवीस हजार भरपाई ठरवली आहे.

आता पऱ्हाटी. शेंदरी बोंडअळी किडक्या बोंडांत, सरकीत आणि जमिनीच्या भेगांत लपते, त्यामुळे वरवरच्या आगीने ती संपत नाही. डिसेंबरअखेर कपाशी संपवा, फरदड (हंगामानंतर पाणी-खत देऊन पुढे लांबवलेलं पीक) नको. फवारणी थांबून पुरेसे दिवस झाले असतील तर आधी मेंढ्या-बकऱ्या बसवा, त्या उरलेली बोंडं खातात. मग पऱ्हाटी हिरवट असतानाच श्रेडर (काड्यांचा चुरा करणारं यंत्र) चालवा. वाळली की पाती लवकर बोथट होतात. जळणासाठी बांधावर जूनपर्यंत रचलेली पऱ्हाटी मात्र सर्वांत वाईट: पहिल्या पावसानंतर तिच्यातूनच बोंडअळीचे पतंग निघतात आणि नव्या कपाशीवर जातात.

गव्हाचं काड पेटवू नका. जाळताना त्यातलं बहुतेक नत्र आणि बरंचसं गंधक धुरात जातं, राखेतलं पालाश वाऱ्याने उडतं. भुसा करून घ्या. उरलेल्या काडावर टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कंपोस्ट जिवाणू टाका, हलकं पाणी द्या आणि वाफसा येताच (माती ओलसर, पण चिखल नाही अशी झाली की) रोटाव्हेटर मारा. युरिया टाळलात तर काड कुजवणारे जिवाणू जमिनीतलंच नत्र ओढतात आणि पुढचं पीक पिवळं पडतं.