एका वेळी एक आठवडा

प्रिय दोस्त,

चार्ल्स शुल्झच्या ‘पीनट्स’ या वर्तमानपत्री चित्रपट्ट्यांच्या मालिकेचा पहिला खंड दोन बैठकींत संपवलास आणि अर्ध्यानंतर कंटाळा आला, असं लिहितोस. येणारच. ऑक्टोबर 1950 ते डिसेंबर 1952, म्हणजे सव्वादोन वर्षांचा ऐवज आहे तो. त्या काळचा वाचक दिवसाला एक पट्टी वाचायचा, तीही बातम्या आणि जाहिरातींच्या गर्दीत, आणि लगेच कामाला लागायचा. संग्रह हातात आला की पानं उलटत सुटायचा मोह होतो. तो आवर.

पट्टीची तारीख वाचत जा. सोमवार ते शनिवारच्या सहा पट्ट्या वाचायच्या आणि थांबायचं. रविवारचं पान वेगळ्या वेळी. एवढं पाळलंस तरी पुरे, बाकीचं आपोआप दिसायला लागेल.

आता मागे जाऊन पहिलीच पट्टी पुन्हा बघ, 2 ऑक्टोबर 1950ची. एक मुलगा आणि एक मुलगी बसलेत, लांबून मालिकेचा नायक चार्ली ब्राउन हसतमुखाने येतोय. मुलगा त्याचं तोंडभरून कौतुक करतो. चार्ली समोरून पुढे निघून जातो, आणि शेवटच्या चौकटीत तोच मुलगा म्हणतो की मला हा अजिबात आवडत नाही. मुलगी सगळा वेळ गप्प. लहान मुलं निरागस असतात वगैरे समजुतीचा निकाल शुल्झने पहिल्याच दिवशी लावून टाकला. चारही चौकटी सारख्या मापाच्या आहेत, हेही बघ. पट्टी आडवी लावा, उभी लावा, दोनावर दोन रचा. जागेची काटकसर करणाऱ्या संपादकांची सोय होती ती. त्या चिमुकल्या चौकटींत शुल्झ मोजक्या रेषांत भागवायला शिकला.

तारखांचा खरा उपयोग फुटबॉलच्या पट्ट्यांत कळतो. चार्ली धावत येऊन लाथ मारणार, एवढ्यात त्याच्यासाठी जमिनीवर धरलेला बॉल धरणारी मुलगीच काढून घेते. 1951मध्ये हे करते ती व्हायोलेट, नेहमीची लूसी नव्हे. तो आपल्या हातावरच लाथ मारेल, या धास्तीने. 1952मध्ये लूसी हे काम हाती घेते आणि मग जवळजवळ दरवर्षी, ऐन शरद ऋतूत, तोच प्रकार. सलग वाचलंस तर वाटेल, किती वेळा तेच ते! पण मधे वर्ष जाऊ दिलंस, तर चार्लीइतकाच तूही या खेपेला आशेवर असशील. ऑक्टोबर 1999मध्ये ऐन वेळी लूसीला घरात बोलावणं येतं आणि बॉल तिच्या धाकट्या भावाच्या, रीरनच्या, हाती जातो. त्याने पुढे काय केलं, ते शुल्झ दाखवतच नाही! लूसीलाही शेवटपर्यंत कळत नाही.

17,897 पट्ट्या या माणसाने मदतनीस न ठेवता काढल्या. उतारवयात त्याचा हात थरथरायला लागला. नंतरच्या खंडांतली रेघ बघ, कापरी आहे, आणि मला तर ती सुरुवातीच्या गुळगुळीत रेघेपेक्षा जास्त आवडते.

बिल वॉटरसनची ‘कॅल्विन अँड हॉब्ज’ ही मालिका घेशील तेव्हा रविवारची पानं आधी बघ. रविवारच्या पानाची वरची ओळ बरीच वर्तमानपत्रं जागेसाठी गाळत, म्हणून ती गेली तरी अडणार नाही, असाच विनोद तिथे टाकावा लागे. 1992पासून वॉटरसनने अखंड अर्धं पान मिळवलं, त्यात कुणी कापाकापी करायची नाही या अटीवर. त्याआधीचं एक पान आणि नंतरचं एक पान शेजारी ठेव. नंतरच्या पानावर चौकटी हव्या तशा पसरतात, डायनोसॉरना मोकळं रान मिळतं, कधी शब्दच नसतात. ही मालिका दहाच वर्षं चालली, 1985 ते 1995. त्यामुळे पुरवून पुरवून वाच.

अर्नी बुशमिलरच्या ‘नॅन्सी’ या पट्टीला मात्र यातलं काही लागू नाही. बुशमिलरचा विनोद एका नजरेत संपतो, मागे काही साचत नाही. कुठूनही उघड.

‘पीनट्स’चा दुसरा खंड, 1953-54चा, पाठवतोय. लूसीचा भाऊ लायनस जे सतत जवळ बाळगतो, ते पांघरूण त्यातच पहिल्यांदा येतं, 1954च्या जूनमध्ये. थेट त्या पानावर उडी मारू नकोस. जानेवारी 1953पासून सुरू कर आणि त्या जूनपर्यंत पोचलास की कळव.

तुझा,
दादा